आमची वाटचाल: आधी ब्लॉक, मग रंग

आम्ही इंजिनं रंगवतो, गाड्या नाही. हे लोकांना पटवण्यात सुरुवातीची वर्षं गेली. पुढे कामाची रीघ लागली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका सम्पबद्दल, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याबद्दल.

एका गिऱ्हाइकाने टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर आणि सम्प आमच्याकडे दिले. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मात्र धंद्यातल्याच दुसऱ्याकडून रेतीच्या माऱ्याने ब्लास्ट करून, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) मारून घेतला. स्वस्त पडला म्हणे. इंजिन सुरू झालं आणि बेअरिंगं गेली. ब्लॉक करणाऱ्या त्या गृहस्थाने उठवलं की आमच्या सम्पमधला रंग सुटून तेलात गेला. अहो, सम्पला आतून रंग आम्ही कधी लावतच नाही! पण ऐकतो कोण? कामं आटली, कंप्रेसर विकायला काढला.

तेव्हा उभे राहिले ते इंजिन बांधणारे काका. त्यांनी ऑइल फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या, काळ्या तेलात बोट फिरवलं. रंगाचा एक पापुद्रा नाही. बारीक खर मात्र नखाखाली करकरत होती. चुंबकाला चिकटेना, म्हणजे लोखंड नव्हे, ब्लास्टिंगची रेती. बेअरिंगच्या मऊ थरातही तेच कण रुतलेले. ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या तेलाच्या वाटांचे, प्लग न काढताच ब्लॉक धुतला होता, दुसरं काय! त्या गृहस्थाने आजवर चकार शब्द काढलेला नाही. काकांनी मात्र त्यानंतर आपला प्रत्येक ब्लॉक आमच्याकडेच पाठवला.

काकांची पसंती कायम फिकट राखाडी, तीही चकचकीत. गळती कुठून आहे ते लगेच दिसतं आणि फडका मारला की साफ. मॅट काळा फोटोत झकास दिसतो, पण तेलाचा डाग धरून बसतो. जुनी गाडी मूळ रूपात हवी असेल तर आवडनिवड विसरा, साल बघा: अमेरिकन फोर्डची बहुतेक इंजिनं 1966 पासून निळी, त्याआधी निरनिराळी. शेड कार्डावर ठरवू नका. बिडाच्या तुकड्यावर मारा आणि बॉनेटच्या सावलीत धरून बघा, तिथे सगळेच रंग गडद होतात. ॲल्युमिनियमला एच प्रायमर, म्हणजे धातूला किंचित चावून धरणारा अस्तराचा रंग, हवाच. साधं इंजिन इनॅमल साधारण 260 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, त्यामुळे जळका वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ते मारून आमच्याकडे तक्रार आणू नका; तिथे जास्त उष्णता सोसणारा सिरॅमिक रंग. रिंकल फिनिशला, म्हणजे मुद्दाम सुरकुत्या पाडलेल्या रंगाला, जाड हात, आडवे-उभे, आणि सारखी उष्णता. घाई केली की सुरकुती एकीकडे दाट, दुसरीकडे गायब. गॅस्केटच्या आणि बोल्टच्या बैठकीवर रंग नको, पावडरचा जाड थर तर नकोच.

आमच्या बिलाची पहिली ओळ ‘गॅलरी साफसफाई’ असते. प्लग काढून, लांब ब्रश घालून, गिऱ्हाइकासमोर. ती ओळ कमी करा म्हणणाऱ्याचा ब्लॉक आम्ही परत पाठवतो.