सनदेतली वारसाची ओळ

असईच्या लढाईबद्दल लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे इंग्रज सेनापतीला 'वेलिंग्टन' म्हणणं. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर होता तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली. वेलिंग्टन हे नाव आलं १८०९ मध्ये, स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईनंतर, आणि तेही त्याच्या भावानं निवडलं, कारण हा स्वतः तिकडे मोहिमेवर. ड्यूक, म्हणजे किताबांतली सर्वात वरची पायरी, तो १८१४ मध्ये झाला. राजस्थानातल्या लासवारीच्या लढाईचंही तसंच. १ नोव्हेंबर १८०३ ला तिथे इंग्रजांचा सेनापती जनरल जेरार्ड लेक होता. दिल्ली आणि लासवारी ही नावं किताबात घेऊन तो 'लॉर्ड' (बॅरन, म्हणजे सर्वात खालची पायरी) झाला १८०४ मध्ये, आणि १८०७ मध्ये त्यावरची पायरी, व्हायकाउंट. तेव्हा लढाईच्या दिवशी जे नाव होतं तेच लिहावं.

पण किताबाचा खरा जीव असतो राजाच्या सनदेतल्या वारसाच्या ओळीत. तिथे सहसा लिहिलेलं असतं: औरस पुरुष वंशज. म्हणजे मुलगा, मुलाचा मुलगा, असं खाली. मुलीला नाही, मुलीच्या मुलाला नाही, दत्तकाला तर थाराच नाही.

भावाच्या बाबतीत भले भले घोटाळा करतात. नातं मोजायचं ते नेहमी ज्याला सनद मिळाली त्या पहिल्या माणसापासून. त्याचा स्वतःचा भाऊ वारस होत नाही, कारण तो त्याचा वंशज नाही. पण दुसऱ्या लॉर्डचा सख्खा भाऊ होतो, कारण तो पहिल्याचाच मुलगा. लेकच्या घरात नेमकं हेच झालं. १८०८ मध्ये लेक वारला, थोरला मुलगा गादीवर आला. तो १८३६ मध्ये गेल्यावर धाकटा भाऊ वॉरिक आला. आणखी एक भाऊ जॉर्ज १८०८ मध्येच पोर्तुगालमध्ये रोलिसाच्या लढाईत पडला होता. वॉरिकमागे मुलगा नव्हता. १८४८ मध्ये किताब संपला.

ही ओळ बदलून घेता येते, पण सनद निघतानाच. नंतर बदलायची तर पार्लमेंटचा कायदा लागतो. इंग्रज सेनापती मार्लबरोच्या ड्यूकसाठी तो १७०६ मध्ये झाला, एकुलता उरलेला मुलगा देवीनं गेल्यावर.

ब्रिटिश फील्ड मार्शल रॉबर्ट्सच्या उदाहरणात तर नेहमीची ओळ आणि बदललेली ओळ या दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी दिसतात. त्याला १८९२ मध्ये कंदाहारच्या नावानं बॅरन केलं, नेहमीच्या ओळीनं. १८९९ मध्ये मुलगा फ्रेडरिक दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सोच्या लढाईत तोफा वाचवताना जबर जखमी होऊन गेला. त्यामुळे १९०१ ची अर्लपदाची (व्हायकाउंटच्या वरच्या पायरीची) सनद मुलींनाही वारसा देऊन काढली. १९१४ मध्ये रॉबर्ट्स वारला, त्याच दिवशी बॅरनपद संपलं आणि अर्लपद थोरल्या एलीनकडे गेलं. ती १९४४ मध्ये गेली, मग एड्विना. तिचा मुलगा १९४० मध्येच नॉर्वेत मारला गेला होता. १९५५ मध्ये तिच्याबरोबर अर्लपदही संपलं.