ग्रबचा मेनू दिसत नाही? आधी तो येतोय का ते बघा

ग्रब म्हणजे लिनक्सच्या आधी चालू होऊन कुठली सिस्टिम आणि कुठला कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालवायचा ते विचारणारा प्रोग्राम. लिनक्स चालू होताना त्याचा मेनू दिसत नाही, डायरेक्ट लोगो आणि मग लॉगिन, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ग्रबच्या सेटिंगची फाइल उघड, टाइमआउट (मेनू किती सेकंद थांबेल तो आकडा) दहा कर, अपडेट मार. बरेचदा काम होतंही त्याने. पण नाही झालं की माणूस त्याच फाइलमध्ये आकडे बदलत बसतो, पाचचे दहा, दहाचे तीस, आणि घोळ भलतीकडेच असतो.

माझ्या अनुभवात मेनू न दिसण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एकतर मशीन ग्रबपर्यंत पोचतच नाही, फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमधलाच सुरुवातीचा प्रोग्राम, परस्पर विंडोजला नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलावतं. किंवा ग्रब येतो पण त्याला सांगूनच ठेवलेलं असतं की मेनू दाखवू नकोस. किंवा मेनू व्यवस्थित येतोय, फक्त तुमच्या स्क्रीनवर उमटत नाहीये. आधी आपला प्रकार कुठला ते ओळखा, फाइलला हात नंतर लावा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा मामेभाऊ. नांदेडला इंजिनियरिंगला आहे, सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय आणि त्यावर एकटं उबंटू लिनक्स, विंडोज नाहीच. अपडेट झालं, नवीन कर्नल आला आणि वायफाय गेलं. त्याच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर वेगळा टाकलेला होता, तो नव्या कर्नलसाठी बिल्डच झाला नव्हता. आता नेट नाही म्हणजे दुरुस्त तरी कशाने करणार, मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग करता येतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि सबमिशन दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं काही काळजी करू नकोस, उबंटू आधीचा कर्नल काढून टाकत नाही, तो तिथेच असतो, मेनूमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सला जा आणि जुना निवड. तर म्हणतो, "ताई, मेनूच येत नाही ना!"

बरोबरच आहे त्याचं. उबंटू एकटं असलं की मेनू लपवलेलाच असतो, स्टाइल हिडन आणि टाइमआउट शून्य. मग चालू होताना एक की दाबायची असते. फर्मवेअर दोन प्रकारचं, जुना बायोस आणि नवं यूईएफआय. जुन्या बायोस मोडमध्ये असाल तर शिफ्ट दाबून धरायची, यूईएफआय असेल तर एस्केप. दोन वेगळ्या का, तर बऱ्याच यूईएफआय मशीनवर नुसती शिफ्ट दाबलीये हे फर्मवेअर ग्रबला कळवतच नाही, म्हणून तिथे शिफ्ट कितीही जोरात धरली तरी उपयोग नाही. आपलं मशीन कुठल्या मोडमध्ये चालू झालंय ते बघायला सोपी खूण आहे, सिस फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर जुना बायोस.

आता एस्केपचं टायमिंग. कंपनीचा लोगो जायच्या क्षणी एकदाच दाबायची. पण घाबरलेला माणूस एकदा कुठला दाबतोय, याने पटापट मारत सुटला आणि काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यात ग्रब असं लिहिलेलं आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. त्याला वाटलं डिस्कच गेली. बरेच जण इथे पोचतात आणि इथूनच पेनड्राइव्हवरून परत इन्स्टॉल करायला घेतात, म्हणून हे नीट सांगते: काहीही गेलेलं नाही. पहिल्या एस्केपने मेनू आला आणि दुसऱ्या एस्केपने तुम्ही मेनूतून बाहेर ग्रबच्या कमांड लाइनवर आलात, एवढंच झालंय. तिथे नॉर्मल हा शब्द टाइप करायचा, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि सगळी स्मॉल, एंटर मारायचं आणि एंटरनंतर लगेच एस्केप एकदाच. फोनवर त्याला एकेक अक्षर सांगितलं, एंटर, एस्केप, आणि पलीकडून ओरडला, आला आला, जांभळा आला! मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, खालचा जुना कर्नल, एंटर, आणि वायफाय परत हजर. ड्रायव्हरचं नंतर निवांत बघितलं.

सबमिशन झाल्यावर कायमचा इलाज केला. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब नावाची फाइल असते, ती सुडो (ॲडमिनचा अधिकार देणारी कमांड) लावून नॅनो या साध्या एडिटरमध्ये उघडायची. त्यात टाइमआउट स्टाइलच्या ओळीत हिडन असतं ते काढून मेनू लिहायचं आणि टाइमआउटला शून्याच्या जागी पाच किंवा दहा. नुसता टाइमआउट वाढवून स्टाइल हिडनच ठेवली तर काय होतं, मशीन तेवढे सेकंद काळी स्क्रीन दाखवून थांबतं आणि पुढे जातं, मेनू नाहीच. "टाइमआउट वाढवला तरी दिसत नाही" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं हेच असतं. आणि नेटवरच्या जुन्या लेखांत हिडन टाइमआउट नावाची वेगळी ओळ बंद करायला सांगतात, ती पद्धत जुनी झाली, आताच्या फाइलमध्ये ती ओळ नसेल तर शोधत बसू नका.

फाइल सेव्ह केली की सुडो अपडेट-ग्रब. हे करायलाच लागतं, कारण बूट होताना ग्रब ही फाइल वाचत नाही, तो वाचतो बूट फोल्डरमधली ग्रब डॉट सीएफजी, आणि ती या कमांडने नवीन तयार होते. ती सीएफजी फाइल हाताने बदलू नका, पुढच्या कर्नल अपडेटला तुमचे बदल पुसले जातात.

कमांड मारल्यावर येणारा मजकूर कुणी वाचत नाही आणि खरी माहिती तिथेच असते. सुरुवातीला सोर्सिंग फाइल अशा ओळी येतात, म्हणजे ग्रब कुठल्या कुठल्या फाइलींतून सेटिंग उचलतोय ते. तिथे डिफॉल्ट ग्रबच्या खाली ग्रब डॉट डी नावाच्या फोल्डरमधली आणखी एखादी फाइल दिसली तर थांबा. ती नंतर वाचली जाते, म्हणजे तिच्यात टाइमआउट शून्य असेल तर तुमच्या दहाला काही किंमत नाही. उबंटूच्या क्लाउड इमेजमध्ये (क्लाउड सर्व्हरसाठीच्या तयार प्रतीत) अशी फाइल असतेच, आणि कुठल्या टूलने अशी फाइल टाकून ठेवली असेल तरी हाच प्रकार. मुख्य फाइल दहा वेळा तपासून सगळं बरोबर दिसतं आणि तरी मेनू येत नाही तेव्हा मी पहिल्यांदा हे फोल्डर बघते.

एकाच मशीनवर दोन लिनक्स असतील तर अजून एक. चालू होताना ज्याचा ग्रब येतो त्याच्या फाइलमध्ये बदल करायला हवा. तुम्ही मिंटमध्ये बसून फाइल बदलताय आणि बूट करतोय उबंटूचा ग्रब, तर काय फरक पडणार? आणि मिंट तर यूईएफआयमध्ये स्वतःची नोंद उबंटू याच नावाने करतं, त्यामुळे फर्मवेअरच्या यादीत नुसतं नाव बघून कोण कोणाचा ते कळत नाही.

आता विंडोजवाले. मशीन चालू केलं की थेट विंडोज, ग्रबचं नावच नाही, हा झाला पहिला प्रकार, आणि यात वरच्या फाइलचा काही संबंध नाही. यूईएफआयमध्ये कोणाला आधी बोलवायचं याचा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत असतो आणि विंडोजचा बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर गेला की ग्रब डिस्कवर असूनही त्याला कोणी विचारत नाही. चालू करताना एफ१२ दाबा, काही लॅपटॉपवर एफ९, काहींवर एस्केप किंवा एफ८, आणि वरच्या ओळीतल्या कीज आवाज कमीजास्त करायच्या कामाला लावलेल्या असतील तर एफएन धरून. फर्मवेअरची यादी येईल, त्यात उबंटू दिसलं तर निवडा. लिनक्समध्ये आलात की टर्मिनलमध्ये ईएफआय-बूट-मॅनेजर ही कमांड, म्हणजे टाइप करताना ईएफआयबूटएमजीआर सलग. ती सगळ्या नोंदी त्यांच्या चार आकडी नंबरांसकट दाखवते, मग त्याच कमांडला सुडो आणि मायनस ओ लावून आपल्याला हवा तो क्रम द्यायचा. काही फर्मवेअर हट्टी असतात, क्रम बदलला तरी परत आपलंच खरं करतात, तिथे बायोस सेटअपमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्याच सेटिंगमध्ये, जाऊन बदलायचा. सेटअपमध्ये जायची की सापडत नसेल तर सिस्टिमसीटीएल रिबूटला फर्मवेअर-सेटअप हा ऑप्शन लावून मारा, मशीन सरळ तिथेच उघडतं.

याच्या उलट तक्रार म्हणजे लिनक्स चालू होतं पण विंडोज मेनूत नाही. २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली आणि दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणासाठी बायडिफॉल्ट बंद केला गेला. आता गंमत नाही, खरोखर त्रास कुठे होतो बघा: उबंटूचा नियम असा की दुसरी सिस्टिम सापडली तर मेनू दाखवायचा, नाही सापडली तर लपवायचा. शोधणाराच बंद, म्हणजे दुसरी सिस्टिम सापडत नाही, म्हणजे विंडोज तर गायब झालंच, सोबत अख्खा मेनूच लपला! उपाय त्याच डिफॉल्ट फाइलमध्ये, डिसेबल ओएस प्रोबर अशी ओळ असते, तिच्या सुरुवातीचा हॅश (# ही खूण, तिच्यामुळे ओळ बंद राहते) काढायचा आणि किंमत फॉल्स असल्याची खात्री करायची, नसेल ओळ तर लिहायची, मग परत अपडेट-ग्रब. आता मजकुरात फाउंड विंडोज बूट मॅनेजर दिसलं की झालं काम. मात्र दोन्ही सिस्टिम एकाच मोडमध्ये इन्स्टॉल असायला हव्यात, विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स जुन्या बायोस मोडमध्ये असेल तर ग्रबच्या मेनूतून विंडोज चालू होणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात कमी लोकांना सुचतो. मेनू येतोय पण दिसत नाही. हे डेस्कटॉपवर जास्त होतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड, दोन मॉनिटर, नाहीतर टीव्हीला जोडलेलं. ओळखायची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. लोगो गेला, स्क्रीन काळी झाली की खालचा बाण एकदा दाबा आणि वाट बघा. मेनूत कुठलीही की दाबली की उलटी मोजणी थांबते. त्यामुळे मशीन एरवी पुढे जायचं ते आता अडकून बसलं, आणि एंटर मारल्यावर पुढे निघालं, तर मेनू तिथे आहे, तुम्ही आंधळेपणाने तो वापरलात. मग डिफॉल्ट फाइलमध्ये ग्रब टर्मिनल कन्सोल या ओळीचा हॅश काढा. मेनू साधा, काळापांढरा येईल, पण येईल. दोन मॉनिटर असतील तर दुसरा चालू करून बघा, ग्रब बिचारा तिकडे उभा असतो कित्येकदा. आणि मॉनिटर झोपेतून उठायलाच चार सेकंद घेत असेल तर पाच सेकंदांचा मेनू दिसणार कसा, तिथे टाइमआउट दहाच ठेवा.

मेनू दिसतोय पण बाण चालत नाहीत असं झालं तर कीबोर्ड बघा. बायोसमधला फास्ट बूट चालू असला की काही मशीन यूएसबी कीबोर्ड उशिरा जागा करतात. फास्ट बूट बंद करा, वायरचा कीबोर्ड लावा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

फेडोरा लिनक्सवाल्यांचं थोडं निराळं. २०१८ च्या फेडोरा २९ पासून एकटी सिस्टिम असेल आणि मागचं बूट नीट झालं असेल तर मेनू लपतो, बिघडलं असेल तर आपोआप दिसतो. लॉगिन करून दोन मिनिटं मशीन चाललं की बूट नीट झालं असं धरतात. विचार चांगला आहे, पण माझ्या भावासारखी केस, म्हणजे लॉगिन व्यवस्थित होतं आणि फक्त वायफाय नाही, ती यात बसत नाही, मशीनच्या दृष्टीने सगळं छान चाललेलं असतं. कायम मेनू हवा असेल तर ग्रब२-एडिटएन्व्ह कमांडने मेनू ऑटो हाइड हे अनसेट करायचं. पॉप ओएस या लिनक्सवर यूईएफआय असेल तर ग्रब नसतोच, त्याच्या जागी सिस्टिमडी-बूट असतो, तिथे चालू होताना स्पेसबार दाबायचा.

माझं स्पष्ट मत आहे की मेनू लपवायला नको होता. तीन-चार सेकंद वाचतात म्हणे. ज्याच्या घरी दुसरा कॉम्प्युटर नाही, पेनड्राइव्ह बनवून देणारं कुणी नाही, त्याच्यासाठी जुना कर्नल हाच एक परतीचा रस्ता असतो आणि तो नेमका ज्याला लिनक्स नवीन आहे त्याच्यापासून लपवलेला. जाणत्याला एस्केप माहीत असतं, नवशिक्याला मेनू नावाची गोष्ट आहे हेच माहीत नसतं. म्हणून मी कुणालाही लिनक्स टाकून देते तेव्हा वॉलपेपर वगैरे नंतर, आधी स्टाइल मेनू, टाइमआउट पाच, अपडेट-ग्रब आणि रिबूट. आणि पहिलं कर्नल अपडेट आलं की त्याला शेजारी बसवून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल त्याच्याच हाताने एकदा चालू करायला लावते, सगळं नीट चालू असतानाच.