परिषदेचा कार्बन ज्यूटच्या पिशवीत नसतो

परिषद 'ग्रीन' करायचं ठरलं की आयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत ज्यूटच्या पिशव्या, कुल्हड आणि पाहुण्यांना एकेक रोपटं मंजूर होऊन जातं. त्यात वाईट काहीच नाही, फक्त परिषदेमुळे हवेत जाणारा कार्बन तिथे नसतो.

पुण्यातली २०० जणांची तीन दिवसांची परिषद धरा. ४० जण दिल्लीहून विमानाने, चार लंडनहून, दोन न्यूयॉर्कहून, बाकीचे रेल्वेने नाहीतर एसटीने. विमानाचा हिशेब असा मांडायचा: दोन शहरांमधलं सरळ अंतर, वळसे आणि घिरट्यांसाठी त्यावर ८ टक्के, इकॉनॉमीच्या सीटला किलोमीटरमागे देशात ०.१ आणि लांबच्या प्रवासाला ०.१२ किलो कार्बन डायऑक्साइड. उंचावर उमटणाऱ्या धूररेषा आणि इतर परिणामांसाठी १.७ने गुणायचं. पुणे-दिल्ली जाऊन-येऊन साधारण ४३० किलो होतात, मुंबई-लंडन ३.२ टन, मुंबई-न्यूयॉर्क साडेपाच. म्हणजे दिल्लीच्या चाळीस जणांचे मिळून १७ टन आणि परदेशी सहाच पाहुण्यांचे जवळपास २४! बीजभाषणाच्या पाहुण्याला बिझनेस क्लास दिलात तर त्या एका सीटचे जवळजवळ तिप्पट.

आता मांडवाकडे या. स्वयंपाकाच्या गॅसचे १९ किलोचे सहा सिलिंडर संपले तर ३४० किलो. सभागृहाचा ३० टनी एसी (हे टन वेगळे, थंडाव्याच्या क्षमतेचे) रोज आठ तास चालला तर तीन दिवसांत ८०० युनिटच्या आसपास वीज, म्हणजे युनिटला ०.७ किलोने ५६० किलो. दोन्ही मिळून एक टनही भरत नाही. हॉटेलच्या खोल्या याहून जड पडतात, म्हणून संस्थेचं अतिथिगृह आधी भरावं.

मोठ्या परिषदांचं चित्रही असंच आहे. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूवैज्ञानिकांच्या संघटनेच्या २०१९च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अधिवेशनाला सुमारे २८,००० जण आले आणि प्रवासाचेच ८०,००० टन झाले. जागा बदलून शिकागो केली असती तर बचत १२ टक्के. सर्वांत लांबून येणारे ३६ टक्के लोक ऑनलाइन आले असते तर ७६ टक्के.

त्यामुळे पहिला निर्णय पाहुण्यांच्या यादीवर घ्यायचा. परदेशी बीजभाषण ऑनलाइन ठेवायचं आणि त्याची वेळ संध्याकाळी साडेसहाची. हिवाळ्यात तेव्हा लंडनला दुपारचा एक आणि न्यूयॉर्कला सकाळचे आठ असतात. कॅलिफोर्नियात मात्र पहाटेचे पाच, तिथल्या वक्त्याला रात्री साडेनऊ द्या. २०१८मध्ये संगीत-आकलनाची आंतरराष्ट्रीय परिषद ग्राझ, ला प्लाटा, माँट्रियल आणि सिडनी अशा चार ठिकाणी एकदम भरली होती. लोक आपापल्या जवळच्या केंद्रावर गेले. आपल्याकडे पुणे-दिल्ली-कोलकाता अशी जोडणी यापेक्षा सोपी, कारण घड्याळ एकच.

दिल्लीचे चाळीस जण रेल्वेने का येत नाहीत? बऱ्याचदा चूक आयोजकांचीच असते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र तीन आठवडे आधी गेलं तर वेटिंगशिवाय हाती काही लागत नाही, आणि माणूस विमान पकडतो. पत्र ७५ दिवस आधी जायलाच हवं. उद्‌घाटन सकाळी नऊला ठेवू नका, दुपारी ठेवा, म्हणजे रात्रभर प्रवास करून आलेल्याला आंघोळ तरी करता येईल. आणि टीएच्या (प्रवासभत्त्याच्या) नियमात रेल्वेत जाणारा जादा दिवस कामाचाच धरला जाईल, हे पत्रात छापा. ही ओळ नसेल तर विभागप्रमुख रजा टाकायला लावतात.

ऑनलाइन सत्रं फसतात ती आवाजामुळे, चित्रामुळे क्वचितच. लॅपटॉपच्या माईकवर सत्र चालवलं की पलीकडच्याला पंख्याची घरघर आणि खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकू येतात. साउंडवाल्याला आधीच सांगा: मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (हवे तेच आवाज वेगळे बाहेर देणारी जोडणी) वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्गे (आवाज लॅपटॉपला देणारी छोटी पेटी) लॅपटॉपला द्यायची, आणि त्या ऑक्समध्ये लॅपटॉपचा स्वतःचा चॅनल शून्यावर ठेवायचा. तो शून्यावर नसेल तर दूरच्या वक्त्याला आपलंच वाक्य अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतं आणि तो बोलायचा थांबतो. वायफायवर विसंबू नका, लॅन केबल घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, म्हणून यूपीएस राउटरला लावा. एक विद्यार्थी हेडफोन घालून दुसऱ्या लॅपटॉपवर, मीटिंगमध्ये म्यूट होऊन बसवा. आवाज गेल्याचं सभागृहात कोणालाच कळत नसतं, त्याला कळतं. श्रोत्यांसाठी फिरता माईक हवाच. 'माझा आवाज मोठा आहे' म्हणणाऱ्या ज्येष्ठांच्या हातातही तो द्यायचा.

हिशेब छापताना एक लबाडी सहज होते. ऑनलाइन ३०० जण वाढले की माणशी कार्बन धाडकन उतरतो, विमानं मात्र तेवढीच उडालेली असतात. एकूण टन छापा. त्यासाठी नोंदणीच्या फॉर्मवर संस्थेचं शहर विचारून भागत नाही. प्रवास कुठून सुरू झाला, जाताना आणि येताना कशाने, कोणत्या वर्गाने, हे चार रकाने ठेवा आणि ते पहिल्या दिवशी किट देतानाच भरून घ्या. नंतर पाठवलेल्या मेलला कोणी उत्तर देत नाही.