लॅमिनेट केलेला कागद

पिठाची गिरणी चालवणारे काका बार्शीकडून रात्रीची एसटी धरून पुण्याला आले होते. सकाळी नऊला दार उघडलं तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते, उजवा डोळा रुमालानं दाबून.

"ताई, वाळू गेल्यागत होतंय बघा. दुपारपर्यंत डोळा पार कोरडा खडखडीत. घरात सांगितलं तर बायको म्हणते, नसलेल्या डोळ्याचं कसलं आलंय दुखणं!"

मी कृत्रिम डोळे बनवते. लोक याला काचेचा डोळा म्हणतात, पण काच केव्हाच मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारे काचेचे डोळे अमेरिकेत मिळेनासे झाले आणि तिथल्या लष्करी दंतवैद्यांनी ॲक्रिलिक या प्लॅस्टिकचे डोळे केले. दाताच्या कवळीचं जे ॲक्रिलिक, तेच हे. काकांचा डोळाही त्याचाच, मीच अकरा वर्षांपूर्वी केलेला. लहानपणी विटी लागून त्यांचा डोळा गेला होता.

त्यांच्या बायकोचा प्रश्न मला वर्षातून दहा जण विचारतात. डोळा नसला तरी पापण्या आहेत, खोबणीतली नाजूक त्वचा आहे, अश्रूंची ग्रंथीही आहे. नाही तो कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. डोळा कोरडा पडू लागला की अश्रू मागवणारा निरोप तिथूनच निघतो. तो निरोप्याच गेला, मग पाणी कमी सुटतं. जे सुटतं ते प्लॅस्टिकवर पसरायला पापणी नीट मिटावी लागते. काकांना मी उघडझाप करायला सांगितलं. पापण्या भिडतच नव्हत्या. मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट राहत होती.

डोळा काढून दिव्याखाली तिरपा धरला. वरची चकाकी गेली होती. भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरांचं जाळं, जुन्या कपबशीवर असतं तसं. चिरांत पांढरं काहीतरी बसलेलं. थोडं चिपड, थोडं गिरणीचं पीठ.

"काका, कशानं धुता?"

"सॅनिटायझरनं. कोरोनापासनं. त्याआधी साबण. दिवसातनं चार वेळा काढून धुतो, हयगय नाही."

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल म्हणजे ॲक्रिलिकचा वैरी. चिरा त्यानंच पडल्या होत्या. पण चार वेळा? अहो, जितका काढाल तितकी खोबण चिडते, चिडली की चिपडं वाढतात, चिपडं वाढली की माणूस पुन्हा काढतो. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. कडा पिवळ्या पडलेल्या, वर तारीख. "डोळा रोज काढून स्वच्छ धुवावा. घाण आल्यास लगेच काढावा." अक्षर माझं. 'धुवावा'खाली दोन रेघा, त्याही माझ्याच.

तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगायची. आता सांगते, त्रास नसेल तर महिनाभर हात लावू नका, रात्रीही राहू द्या. हा बदल दुसऱ्या पेशंटांना तोंडी सांगत गेले, पण बार्शीकडच्या खिशातल्या कागदापर्यंत तो कसा पोचणार? दरवर्षी पॉलिशला या, हेही त्यात लिहायचं राहून गेलं होतं. आल्यावर आपण रागावलो कुणावर, तर ज्यानं आपलं अक्षर न् अक्षर पाळलं त्याच्यावर.

वरच्या मजल्यावर नेत्रतज्ज्ञ बसतात, त्यांच्याकडे पाठवलं. औषध लिहिणं माझं काम नाही. त्यांनी वरची पापणी उलटवून मलाही बोलावून दाखवलं. आतला भाग गुळगुळीत हवा, तो लालभडक आणि नदीकाठच्या गोट्यांसारखा उंचसखल झालेला. चिरा पडलेला डोळा दिवसभर घासून हे होतं. त्यांनी सूज उतरायचे थेंब लिहिले आणि ओलाव्यासाठी जरा घट्ट जेल. पातळ थेंब ॲक्रिलिकवर टिकत नाहीत.

खोबणीचा आकार बदलल्यामुळे खरं तर नवा डोळाच हवा होता. काका म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." मग मी पुढची बाजू किंचित उतरवली, प्युमिस या दगडाच्या बारीक पुडीवर घासली, शेवटी कापडी चाकावर चमक आणली. तासभर गेला. चिरा उथळ होत्या म्हणून निघाल्या, खोल असत्या तर हात टेकले असते. डोळा घातल्यावर फट अर्धी झाली होती. काकांनी चार-पाचदा पापणी मिटून पाहिली आणि म्हणाले, "सरकतंय आता."

जुन्या कागदावरची ओळ मला खोडायची होती. पेन लॅमिनेशनवरून घसरत राहिलं, शाई काही धरेना. शेवटी कागद ठेवून घेतला आणि नवा लिहून दिला. सॅनिटायझर, स्पिरिट नको. गिरणीत बसताना गॉगल. दर वर्षी पॉलिश.

काकांनी तो दोनदा वाचला, घडी घातली.

"ह्याला लॅमिनेट करू ना?"