‘तात्पुरता’ या एका शब्दापायी

चर्चच्या बँक खात्यावरच्या सह्या बदलायच्या, एवढंच काम होतं. जानेवारीत सुरू केलं आणि मे संपत आल्यावर झालं. कुठल्या ना कुठल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांच्या समूहात) आज कोणीतरी नवा खजिनदार झाला असेल, त्याच्यासाठी हे लिहून ठेवते. राग अजून गेलेला नाही, तो लपवत नाही.

आमची मंडळी लहान, सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरची, एक्केचाळीस घरांची. जुने खजिनदार नोव्हेंबरात वारले. चेकवर दोन सह्या लागायच्या, एक त्यांची आणि एक मंडळीच्या आणखी एका वडिलांची, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्याची. ते वडील मुलीकडे मुंबईला गेलेले. खात्यात २ लाख ३८ हजार रुपये, आणि त्यातला एक रुपया काढता येईना. वार्षिक सभेत माझं नाव पुढे आलं. बत्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, कॅशबुक लिहिलं, म्हणून मी हो म्हटलं.

हे पैसे छपराचे होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आढ्याजवळची कौलं सरकली, तिथून पाणी मुरून वासे वाळवीने खाल्ले. तीन वर्षं कापणीच्या सणाचा लिलाव आम्ही छपरासाठीच केला. तो लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. सुरण, कोकम, तांदळाचं पायलीभर माप, कोंबडी. एकाने बोली लावून घ्यायचं आणि परत वेदीपाशी ठेवायचं, की पुन्हा बोली. एक विधवा आजी दहा नारळ घेऊन आल्या. “बाय, माज्या माडाचे पयल्या पाडपाचे हत,” म्हणाल्या. माड लावल्यापासून पहिलं पाडप, म्हणजे नारळांची पहिली तोड, आणि ते त्यांनी घरी नेलंच नाही. शेंड्या सुद्धा नीट बांधलेल्या होत्या. अशा हातांनी आलेले पैसे कागदासाठी पडून राहिले, याचा मला संताप आहे.

धर्मादाय कार्यालयाचं, म्हणजे अशा विश्वस्त संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं, काम मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. आमची मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या लोकांची संमती जोडली. मार्चमध्ये बदल तात्पुरता मंजूर केल्याचा आदेश हातात आला. २०१७ च्या दुरुस्तीने ही सोय झाली आहे: आधी तात्पुरती मंजुरी, मग तीस दिवसांची हरकतीची नोटीस, आणि कोणी हरकत घेतली नाही तर तीच मंजुरी अंतिम होते.

सह्या बदलून घ्यायला बँकेत मी तो आदेश ठेवला. साहेबांनी ‘तात्पुरता’ या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. “मॅडम, अंतिम आणा.”

हरकतीचे तीस दिवस होऊन गेले. कोणाची हरकत नाही. मी परत गेले, कलमाची झेरॉक्स घेऊन गेले, ओळीखाली रेघ मारून दाखवली की आता हाच अंतिम आहे. साहेब म्हणाले, वर अंतिम असा शब्द दिसत नाही. पुढच्या खेपेला ठराव लेटरहेडवर हवा होता. त्याच्या पुढच्या खेपेला जुन्या खजिनदारांचा मृत्यू दाखला, जो मी पहिल्याच दिवशी दिला होता. मग फाईल मुंबईला कायदा विभागाकडे गेली. “आली की फोन करू.” फोन आला नाही. सहा खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एसटीचे दोन तास.

एप्रिलच्या शेवटी मंडळीतूनच सूचना आली की नवीन दान सरळ माझ्या फोनवर घ्यावं, सुताराला मीच देऊन टाकावं, हिशोब मागाहून लिहावा. सांगणारे भल्या मनाचे होते, आणि आढ्यातून आकाश दिसत होतं. तरी मी नाही म्हटलं. करिंथकरांची वर्गणी यरुशलेमेला न्यायची होती तेव्हा पौलाने तीताबरोबर आणखी बंधू धाडले, कोणी बोट दाखवू नये म्हणून. मंडळीचा पैसा एका हातात राहू नये, कारभारीपण म्हणतात ते हेच, आणि ते माझ्यापासून सुरू होतं.

आठवलं म्हणून इथेच सांगते: ठरावात ‘तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या’ असं लिहा. आमच्याकडे दोनच नावं होती म्हणून हे सगळं झालं. आणि परदेशातून दान येत असेल तर देणाऱ्याचा पासपोर्ट विचारा. कुवेतला नोकरी करणारा आमचा मुलगा भारतीय नागरिक आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेलं चालतं. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या बहिणीचं साध्या खात्यात घेता येत नाही, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते.

शेवटी दोन गोष्टींनी गाठ सुटली. एक, मी बँकेला लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. तोंडी विचारण्यात दोन महिने घालवले, ते पहिल्या खेपेलाच करायला हवं होतं. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, हेही त्यात लिहिलं. दुसरं, धर्मादाय कार्यालयातल्या एका बाईंनी सांगितलं की नोंदवहीत नावं चढली आहेत, परिशिष्ट एकचा, म्हणजे त्याच नोंदवहीचा, प्रमाणित उतारा घ्या. त्या उताऱ्यावर नवी नावं स्वच्छ छापलेली होती. बँकेत तो ठेवला आणि साहेब म्हणाले, “हा आधी आणला असता तर त्याच दिवशी झालं असतं.” चार महिन्यांत हे एका वाक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

सुताराने मात्र वाट पाहिली नाही. ते आमच्या मंडळीतले नव्हेत, शेजारच्या वाडीतले. “बाई, पैशे खंय पळतत?” म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात वासे काढायला लागले. कौलं आमच्या मुलांनी हातोहात उतरवली. २६ मेला पहिला चेक त्यांच्या नावाने लिहिला. माझी सही खाली, सोबत सही करणाऱ्या वडिलांची वर, आणि खतावणीत लिलावाच्या नोंदींच्या समोर खर्चाची पहिली ओळ.

पेन्सिलीचं वर्तुळ असलेला तो आदेश फाईलच्या पहिल्या पानावर लावला आहे, त्याच्या मागे उतारा. पुढच्या खजिनदाराने आधी उतारा काढावा.