लग्न दोघांचं, नोटीस सगळ्यांना

दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर घरच्यांची, जातीची किंवा गावाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरीही धर्म न बदलता आंतरधर्मीय लग्न करायचं तर बहुतेकदा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. दोघंही हिंदू किंवा दोघंही मुस्लिम असलेल्या जोडप्याने धार्मिक विधीने लग्न केलं तर अशी नोटीस लागत नाही. ज्यांना घरच्यांपासूनच धोका आहे, त्यांचीच नावं-पत्ते कार्यालयाच्या फलकावर लागतात, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

कामाचं बोलायचं तर नोटीस कुठेही देता येत नाही. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस वास्तव्य हवं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. 'पुण्यात नोटीस दिली म्हणजे गावाला कळणार नाही' हा हिशेब इथेच फसतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये नोटीस लावायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण आपल्याकडे ती लागणार असं धरूनच तयारी करावी.

तीस दिवस मोजायचे ते नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यामुळे आधारकार्ड आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नावं जुळतात का, घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाताशी आहे का, हे नोटिशीआधीच बघा.

हरकत कोणीही घेऊ शकतं, पण कारणं चारच: आधीचा जोडीदार हयात असून ते लग्न कायम असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, वय (मुलगा 21, मुलगी 18) आणि निषिद्ध नातं, म्हणजे कायद्याने लग्नाला मनाई असलेलं जवळचं नातं. 'आम्हाला पसंत नाही' ही हरकत नव्हेच. अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला तो भरपाई द्यायला लावू शकतो, पण तिची मर्यादा जेमतेम एक हजार रुपये. एवढ्याने कोण घाबरणार?

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघांनी अधिकाऱ्यासमोर, त्यांना कळणाऱ्या भाषेत, एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं तोंडाने म्हणायचं. हे झाल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

मुलगी घरातून निघाली की बेपत्ता झाल्याची तक्रार बहुधा होतेच. तिने वयाच्या पुराव्यासह 'मी स्वखुशीने जात आहे' असं सही केलेलं पत्र पोलीस ठाण्यात द्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. ती प्रत वकिलाकडे ठेवावी, स्वतःच्या बॅगेत नव्हे.