तुम्ही विचारलंत म्हणून : स्कीइंगला जाताना गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे-बसने जावे?

स्कीइंगला निघालेली माणसे विमानाची तिकिटे काढून झाली की मला हमखास विचारतात : विमानतळावरून गाडी भाड्याने घ्यावी, की रेल्वे आणि बसने वर जावे? बहुतेकांनी तोवर एक बेरीज करून ठेवलेली असते. एका बाजूला गाडीचे आठवड्याचे भाडे, दुसऱ्या बाजूला चौघांची जाण्यायेण्याची तिकिटे; आणि या बेरजेत गाडी स्वस्त पडलेली असते. माझे उत्तर बहुधा रेल्वेच्या बाजूने असते, पण या बेरजेशी भांडण्यात मला रस नाही. तिच्यात दोन गोष्टी धरलेल्याच नसतात, एवढेच माझे म्हणणे आहे. विमानतळापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास कसाही केला तरी सोपा असतो. निर्णय व्हायला हवा तो पायथ्यापासून वरच्या गावापर्यंतच्या शेवटच्या वीस-तीस किलोमीटरच्या घाटावरून. दुसरी गोष्ट अशी की एकदा वर पोहोचल्यावर ती गाडी उरलेले दिवस काय करणार आहे, याचा विचार कोणी केलेला नसतो.

ही दुसरी गोष्ट आधी घेतो. स्कीइंगच्या गावात सकाळी बूट चढवून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत चालत किंवा स्की बसने जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे, हाच दिनक्रम असतो. गावातली स्की बस बहुतेक ठिकाणी लिफ्टच्या पासवर किंवा हॉटेलात मिळणाऱ्या पाहुण्यांच्या कार्डावर फुकट असते. म्हणजे गाडी पहिल्या संध्याकाळी वाहनतळावर जाते ती निघायच्या दिवशीच बाहेर येते, आणि मधल्या काळात तिचे भाडेही चालू असते आणि वाहनतळाचेही. काही गावांत तर ती आत जातच नाही. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही; गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवावी लागते आणि तिथून बहुतेकांना १२ मिनिटांच्या शटल रेल्वेने वर जावे लागते. त्याच देशातल्या वेंगनला पायथ्याच्या लाउटरब्रुनेनहून दाती चाकांच्या रेल्वेने जावे लागते. फ्रान्समध्ये आव्होरियाझचे रस्ते गाड्यांसाठी बंद आहेत, आणि २३०० मीटर उंचीवरच्या व्हाल तोरान्समध्ये सामान उतरवून झाले की गाडी नेमून दिलेल्या वाहनतळात न्यावी लागते. अशा गावी जाण्यासाठी गाडी घेतलेल्या माणसाने रेल्वे टाळलेली नसते. त्याने फक्त तिच्याआधी आणखी एक खर्च जोडलेला असतो.

याच्या अगदी उलट, काही ठिकाणी शेवटचा घाटच शिल्लक राहत नाही. ऑस्ट्रियातले झांक्ट आंटोन हे १८८४ साली पूर्ण झालेल्या आर्लबर्ग रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. झ्युरिक आणि इन्सब्रुक यांच्या दरम्यान धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या तिथे थांबतात आणि स्थानकातून लिफ्टपर्यंत चालत जाता येते. फ्रान्सच्या बूर-सँ-मॉरिस या शेवटच्या स्थानकाला लागूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने उभ्या चढावर ओढली जाणारी रेल्वे, आहे, जी सात मिनिटांत आर्क १६०० ला नेऊन सोडते. जपानमधल्या गाला युझावा येथे तर शिन्कान्सेन या वेगवान रेल्वेचे स्थानक आणि स्कीइंगचे केंद्र एकाच इमारतीत आहे, आणि हे स्थानक उघडे असते ते फक्त हंगामात. अमेरिका हा गाड्यांचा देश, पण तिथेही डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात विंटर पार्कच्या उताराच्या पायथ्याशी नेणारी रेल्वे सुटते. म्हणून माझा आग्रह असतो की गाव निवडतानाच हा प्रश्न सोडवावा. हॉटेल ठरल्यावर वाहनाचा विचार करणारे लोक पुष्कळदा आपल्यासाठी अवघड घाट स्वतःच निवडून बसतात.

आता घाट. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण अनेक वर्षे गाडी चालवलेल्या आणि म्हणूनच आत्मविश्वास असलेल्या माणसांचा अंदाज नेमका इथेच चुकतो. बर्फाच्या रस्त्यावर गाडीचे इंजिन किती ताकदीचे आहे याला फारसे महत्त्व नसते, टायरला असते. साध्या टायरचे रबर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या बारीक खाचा बर्फ पकडतात. चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी घेतली की काम झाले, असे मानणारे पुष्कळ भेटतात. अशी गाडी चढ चांगला चढते हे खरे, पण उतारावर ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यासाठी त्या चार चाकांच्या ताकदीचा काहीही उपयोग होत नाही, आणि घाटात अपघात होतात ते बहुधा उतरताना.

कायदेही देशागणिक बदलतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ किंवा बर्फमिश्रित चिखल असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. फ्रान्सने २०२१ पासून डोंगराळ भागातल्या ठरवून दिलेल्या गावांच्या हद्दीत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर लावणे किंवा बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत बाळगणे बंधनकारक केले आहे. जर्मनीत तारखांची अट नाही, रस्त्याच्या स्थितीची आहे. भाड्याची गाडी या नियमांत बसते की नाही हे पाहण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर येते, आणि सपाट प्रदेशातल्या एखाद्या शहरातून घेतलेल्या गाडीला हिवाळी टायर असतीलच असे नाही. जिनिव्हाचा विमानतळ याचे चांगले उदाहरण आहे. तिथे एकाच इमारतीत स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत, दोन्हीकडे गाड्या भाड्याने मिळतात, आणि फ्रेंच बाजूचे भाडे कमी दिसते म्हणून लोक तिकडे वळतात. स्विस बाजूच्या गाडीला हिवाळी टायर आणि स्विस महामार्गाचा वार्षिक कर भरल्याचा परवाना बहुधा असतो. फ्रेंच बाजूच्या गाडीला या दोन्ही गोष्टी वेगळ्या मागाव्या लागू शकतात. गाडी परत करायची ती ज्या बाजूने घेतली त्याच बाजूला, आणि तिथे पोहोचण्याचा रस्ताही वेगळा आहे. विमान पकडायच्या घाईत हा शोध लागणे फार त्रासाचे असते.

साखळ्यांविषयी एकच सांगतो. त्या ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्या चाकांना लावायच्या असतात, आणि लावायची वेळ येते ती अंधारात, बोचऱ्या थंडीत, वळणावर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. म्हणून गाडी ताब्यात घेतल्यावर उजेडात, कोरड्या जागी त्या एकदा लावून आणि काढून पाहाव्यात. ज्याला हे करायचे नाही त्याने गाडी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो आणि काही जण त्यावर नाराजही होतात. विम्याचा करारही त्याच वेळी वाचावा, कारण काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग यांचे नुकसान साध्या विम्यातून पुष्कळदा वगळलेले असते, आणि बर्फाळ रस्त्यावर पसरलेल्या खडीमुळे नुकसान होते ते नेमके यांचेच. याशिवाय उबदार भागात भरलेले डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊ शकते, काच धुण्याचे साधे पाणी गोठते, आणि विजेवरच्या गाडीचा पल्ला थंडीत आणि चढावर बराच कमी होतो.

नकाशाचेही ऐकू नये. फ्रान्समधली व्हाल दिझेर आणि बोनव्हाल ही दोन गावे उन्हाळ्यात इझेरान खिंडीमुळे एकमेकांना जोडलेली असतात, पण २७६४ मीटर उंचीची ही खिंड हिवाळ्यात बंद असते आणि मग एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. आल्प्समधल्या अनेक खिंडींची हीच गत आहे.

बसचा चालक हाच घाट हंगामभर रोज चढतो-उतरतो, हा माझ्या मते सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर पोस्टाच्या पिवळ्या बसचा मार्ग असलेल्या डोंगरी रस्त्यांवर इतर वाहनचालकांना बसचालकाच्या सूचना पाळाव्या लागतात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, झोप अपुरी झालेली असताना, रस्त्याच्या सवय नसलेल्या बाजूने, सवय नसलेल्या बर्फावर गाडी हाकण्याऐवजी खिडकीशी बसून तोच घाट पाहणे मला केव्हाही पसंत आहे. अर्थात कोंडीत बसही अडकते. शनिवारी हॉटेलातले पाहुणे बदलतात, आणि फ्रान्समध्ये फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्यांत अल्बेरव्हीलहून डोंगराच्या पायथ्याच्या मुतियेकडे जाणारा रस्ता त्या दिवशी वाहनांनी भरून जातो. मुतियेपर्यंत रेल्वेने गेलेल्या माणसाची यातली मोठी रांग चुकते, पण वरच्या घाटातली रांग त्याच्या बसला चुकवता येत नाही. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ताच बंद केला तर दोघेही खाली थांबतात. अमेरिकेत युटा राज्यातल्या अल्टाला जाणारा दरीतला रस्ता असा वरचेवर बंद होतो. उतारावरचा बर्फ स्फोटकांनी मुद्दाम पाडून झाल्याशिवाय तो उघडत नाही.

रेल्वे-बसची बाजू घेताना तिची दुखणी लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळची शेवटची बस लवकर सुटते आणि विमान उशिरा आले तर ती कोणासाठी थांबत नाही, म्हणून दुपारनंतर उतरणाऱ्या विमानाने येणाऱ्यांना मी पायथ्याच्या गावात एक रात्र काढायला सांगतो. सामानाचा प्रश्न मात्र लोक आहे त्यापेक्षा मोठा करतात. स्की आणि काठ्या वर गावातच भाड्याने घ्याव्यात, बूट पायाला नेमके बसणारे हवेत म्हणून हवे तर तेवढे सोबत न्यावेत. मग जे उरते ते कोणत्याही प्रवासातल्या बॅगेएवढेच असते. उलट छोट्या भाड्याच्या गाडीत पावणेदोन मीटरच्या स्की आडव्या-तिडव्या कोंबणे धोक्याचे आहे, आणि स्की बांधायची छतावरची पट्टी आधी मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही.

तरीही काही लोकांना मी गाडीच घ्यायला सांगतो. तान्हे मूल आणि त्याचा सगळा पसारा बरोबर आहे, राहण्याची जागा गावाबाहेर एकाकी आहे आणि तिथे बस जात नाही, सोबतच्या कोणाला चालताना त्रास होतो, किंवा खाली दरीत स्वस्त खोली घेऊन रोज वेगळ्या डोंगरावर स्कीइंग करायचे आहे, अशा वेळी गाडी हा योग्यच निर्णय आहे. यातल्या शेवटच्या कारणाची मात्र मी उलटतपासणी घेतो. इन्सब्रुकमध्ये राहून आसपासच्या उतारांवर जाण्यासाठी स्की बस आहेत, आणि इटलीत आओस्ता शहरातून पिला येथे नेणारी केबल कार रेल्वे स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर सुरू होते. रोज वेगळा डोंगर हवा म्हणणारी माणसे तिसऱ्या दिवशी पाय दुखू लागले की त्याच डोंगरावर परत जातात, हेही मी पाहिले आहे. चार-पाच जणांचा गट असेल तर मधला मार्ग अधिक बरा : रेल्वेने पायथ्यापर्यंत जाऊन पुढच्या घाटासाठी तिथल्याच चालकाची टॅक्सी आधी ठरवून ठेवावी.

गाडी घ्यायचीच ठरली तर आरक्षण करतानाच हिवाळी टायर, साखळ्या आणि छतावरची पट्टी यांची लेखी मागणी करा, गाडी सीमेपलीकडे नेण्याची परवानगी करारात लिहून घ्या, आणि घाट सूर्य मावळण्याआधी चढून होईल अशा बेताने विमानतळावरून निघा. वर पोहोचल्यावर, गाडी ठेवलेली जागा सपाट असेल तर हँडब्रेक रात्रभर गोठून अडकू नये म्हणून तो न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा. परतीच्या दिवशी गाडीवर साचलेला बर्फ, छतावरचासुद्धा, पूर्ण झाडून मगच निघायचे असते. त्यासाठी एक तास हाताशी ठेवा आणि फावडे हॉटेलकडे आदल्या रात्रीच मागून ठेवा.